चाकामागचे दोन फण

मे सरत आला की तालुक्याच्या गावी दोन ठिकाणी गर्दी असते. बियाण्याच्या दुकानापुढची रांग सगळ्यांना दिसते, पेपरात फोटोही तिचाच येतो. दुसरी गर्दी अवजारांच्या दुकानात, पिशवीत जुनं लोखंड घेऊन आलेल्यांची. पेरणी यंत्राच्या फणाचं, म्हणजे बीसाठी माती फाडत जाणाऱ्या दात्याचं, झिजून बोथट झालेलं पातं काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, "अस्सं द्या." दुकानदार पात्याकडं बघतही नाही, भोकांकडं बघतो. पाती दिसायला सारखीच, पण दोन भोकांमधलं अंतर प्रत्येक बनावटीचं वेगळं. जुनं पातं घरी विसरलेल्याची दुसरी खेप ठरलेली.

लाल रंग फासला की कुठलंही पातं देखणं दिसतं. म्हणून जाणता माणूस खिशातून कानस काढतो आणि टोकाच्या कडेवर एकदा ओढतो. घसरली तर पोलादाला पाणी नीट दिलंय. कीस निघाला तर साधं लोखंड, लवकरच गोल होणार. दुकानदाराला हा प्रकार आवडत नाही, पण त्याला आवडावा म्हणून थोडंच आपण पेरतो! कडकपणाचा फार हट्टही बरा नाही. काळ्या रानात कडक पातं टिकतं, पण मुरमाड, धोंडाळ रानात तेच दगडावर आपटून कट्कन तुटतं. तिथं जरा चिवट माल हवा. काही जण वेल्डिंगवाल्याकडून जुन्याच पात्याला ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा जोडून घेतात. पूर्वी लोहार झिजलेला फाळ शेवटून, म्हणजे टोकाला लोखंड जोडून, द्यायचा, तेच हे काम, फक्त भात्याच्या जागी वीज आली.

आणि पातं घ्यावं ते अरुंदच. रुंद पातं माती जास्त उलथतं आणि ओल उडवून टाकतं. खरिपात एखादवेळ खपून जाईल, पण रब्बीच्या ज्वारीला बी ओलीवर पडलं नाही तर पुढचं सगळं मुसळ केरात.

बसवण्याचं काम ऐकायला सोपं. नट गंजून बसलेला असतो, त्यावर आदल्या रात्री जुनं ऑइल सोडून ठेवावं लागतं. बोल्टची चौकोनी मान झिजली असेल तर पाना लावताच बोल्टही नटाबरोबर गरगर फिरतो, आणि मग छिन्नीशिवाय इलाज नाही. नवं पातं घेतलं की बोल्ट आणि वायसरही नवेच घ्यावेत. तिथं काटकसर करणारे लोक पेरणीच्या दिवशी फण हातात घेऊन तासातासानं, म्हणजे पेरलेल्या ओळीओळीनं, पातं हुडकत फिरताना दिसतात.

पण खरी गंमत आहे ती झिजण्यात. सगळे फण सारखे झिजत नाहीत. ट्रॅक्टरच्या चाकांखाली माती दबते, त्यामुळं चाकांमागचे दोन फण इतरांपेक्षा लवकर खलास होतात. लोक मग तेवढी दोन नवी पाती आणून बसवतात, आणि हे चुकीचं नाही. दबलेल्या पट्ट्यात लांब टोक इतरांइतकंच खोल जातं. पण तेच नवं पातं मधल्या मोकळ्या मातीतल्या फणाला लावलं तर ते सगळ्यांच्या खाली उतरतं. सोयाबीनला खोली हवी ३ ते ४ सेंटीमीटर. त्याहून फार खोल गेलेलं बी, वर माती चोपली की, बाहेर यायला थकतं. उलट बोथट फणाचं बी वरवर पडतं, दोन दिवस ऊन तापलं की जागच्या जागी सुकतं. टोक फारच आखूड झालं तर त्यामागची बी सोडणारी नळीच जमिनीला घासते आणि मातीनं बुजते. वरच्या डब्यात बी हलत असतं, मागं पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं, आणि ओळ मोकळी जाते. आठवड्यानं शेत हिरवं होतं तेव्हा दर ठरावीक अंतरावर एक तास विरळ दिसतो. रस्त्यानं जाणारा सायकलवालाही सांगू शकतो, कुठला फण गेला होता. मग नांग्या भरत, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा बी टोकत, बसा.

बैलांच्या तिफणीनं पेरायच्या काळी अवजार आपलं असायचं. सुताराकडं लाकडी दिंड, लोहाराकडं लोखंड, बलुतं ठरलेलं, आणि बी सोडायच्या चाड्यावर मूठ घरातल्याच माणसाची. आता बहुतेकांची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं, एकरी दरानं होते. म्हणजे पातं ट्रॅक्टरवाल्याचं, झिज त्याची, पण विरळ तास आपला. पातं बदललं म्हणून त्याला एकरी दहा रुपये जास्त मिळत नाहीत, मग तो कशाला बदलेल? त्याचाही अगदीच दोष नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तेवढा पाऊस झाला की अख्ख्या गावाला त्याच चार दिवसांत ट्रॅक्टर हवा असतो. तेव्हा पाना घेऊन बसायला सवड कुणाला? माझं मत विचाराल तर भाव ठरवायच्या आधी वाकून फण बघावेत. यंत्र सपाट कोब्यावर हळूच टेकवायला सांगावं आणि टोकांखाली बोट घालून पाहावं. कुठलं टोक अधांतरी राहिलं ते लगेच कळतं. लोक संकोचतात. भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघणारी माणसं इथं मात्र मुकाट्यानं "चला, घाला रानात" म्हणतात.

आमच्या शेजारच्या बांधावरच्या अण्णांनी यावर आपला उपाय काढलाय. त्यांच्याकडं दोन चांगली पाती आणि अठरा-एकोणीसचा पाना एका कापडी पिशवीत कायम असतो. कुणाचाही ट्रॅक्टर येवो, ते आधी चाकामागची दोन पाती उतरवून स्वतःची चढवतात आणि पेरणी उरकली की काढून घेतात. पहिल्या वर्षी ट्रॅक्टरवाल्यानं कटकट केली, वेळेचे पैसे मागितले. अण्णांनी ते दिलेही. यंदा तो स्वतःच विचारत होता, ही पाती कुठल्या दुकानातून आणली म्हणून.