कॅम्परची बॅटरी कोण पितंय? शोध लागला

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की राधानगरीहून आल्यावर कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेला माझा ट्रेलर, कोल्हापूरजवळच्या उचगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावला तेव्हा बॅटरी १२.७२ व्होल्टवर होती. सोळा दिवसांनी दार उघडलं तर ११.८४, म्हणजे जवळजवळ रिकामी. आतला एकही दिवा चालू नव्हता, पंप बंद, फ्रिज बंद. छतावर १०० वॉटचं सोलर पॅनेल आहे, पण पत्र्याखाली त्याला ऊन कुठलं?

१०० अँपिअर-अवरची एसएमएफ (पाणी घालावं न लागणारी, सीलबंद) बॅटरी आहे. पहिला संशय तिच्यावरच. चार्ज करून उद्यमनगरात नेली. तिथल्या बॅटरीवाल्या मामांनी लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून तपासायचं यंत्र) लावला, थोडा वेळ काटा बघत राहिले आणि म्हणाले, "बॅटरीत कायबी दोष नाही. गाडीतच कोणतरी पितंय." नवीन बॅटरी विकायची संधी हातात असताना त्यांनी मला परत पाठवलं, याचं मला फार मोल वाटतं.

मग रविवार धरून मोजायला बसलो. निगेटिव्ह केबल सोडवून मल्टिमीटर दहा अँपिअरच्या भोकात, सिरीजमध्ये, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल असा. एक काळजी घ्या: केबल सोडण्याआधी मीटरला समांतर एक जाड वायर लावा, सगळं जोडून झालं की ती काढा. नाहीतर इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरताना एकदम मोठा करंट ओढतात आणि मीटरचा फ्यूज उडतो. मग पाच मिनिटं थांबायचं. आकडा आला सरासरी १९० मिलिअँपिअर. दिवसाला साडेचार अँपिअर-अवर, सोळा दिवसांत ७३. म्हणजे हिशोब जुळला, दुसरीकडे शोधायची गरज नव्हती.

फ्यूज एकेक उपसत गेलो. म्युझिक सिस्टीमची मेमरी २४. गॅस अलार्म ७८. सोलर कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारी डबी) स्वतःच्या पोटाला ११. (कंट्रोलर सोडवताना आधी पॅनेलची वायर काढायची, मग बॅटरीची. उलटं करू नका.) फ्यूज उपसणं जिथं अडचणीचं होतं, तिथं फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट बघितले. दहा अँपिअरच्या पात्याच्या फ्यूजमधून १०० मिलिअँपिअर गेले तर साधारण पाऊण मिलिव्होल्ट दिसतो. चांगला मीटर असेल तर ही पद्धत फार सोयीची आहे.

सगळं काढूनही ७७ उरले. आणि हा आकडा स्थिर नव्हता. ४० वर बसायचा, मग एकदम १३० वर उडी, परत खाली. इथंच मी थांबून विचार करायला हवा होता. दिवा किंवा रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल अशी उड्या मारत नाही.

पण समोर इन्व्हर्टर दिसत होता. त्याची जाड केबल बॅटरीच्या टोकाला सोडली, आकडा शून्य. झालं, इन्व्हर्टर खराब, असं ठरवून तो पेटीतून बाहेर काढायला घेतला. काढताना त्याच्या बाजूचा नट सोडला, बॅटरीकडची केबल तशीच परत लावली आणि सहज मीटर बघितला. ७७ परत हजर! इन्व्हर्टर तर माझ्या मांडीवर होता.

म्हणजे करंट इन्व्हर्टर खात नव्हता, केबलवरच कोणीतरी बसलं होतं. बेडखालची प्लायवूडची फळी काढली. केबलला एका जागी काळी टेप जरा फुगलेली. टेप उलगडली तर आत एक बारीक लाल वायर जोडलेली, आणि ती चेसिसच्या कोपऱ्यात जाऊन एका डबीत शिरत होती. जीपीएस ट्रॅकर. ट्रेलर मी जुना घेतला होता, हे आधीच्या मालकाच्या वेळचं काम. सिम कधीच बंद पडलेलं, त्यामुळे बिचारा रात्रंदिवस नेटवर्क शोधत होता. आकड्याच्या उड्या त्या शोधण्याच्या होत्या.

ट्रॅकर काढला, जोड कापून उघड्या तांब्यावर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवली. इन्व्हर्टर निर्दोष निघाला, परत जागेवर.

उरलेल्यांचं काय केलं ते सांगतो. म्युझिक सिस्टीम आता कट-ऑफ स्विचच्या मागं आहे, म्हणजे तो ओढला की तिचा पुरवठा तुटतो, स्टेशनं परत लावावी लागली तरी चालेल. गॅस अलार्मवर मी बराच विचार केला. ७८ मिलिअँपिअर थोडे नाहीत, पण आत माणूस झोपणार असेल तर अलार्म चालूच पाहिजे, यात तडजोड नाही. म्हणून ट्रेलर उभा करताना सिलिंडर उतरवून घरी आणायचा आणि मगच कट-ऑफ ओढायचा. सिलिंडर आत असेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. तसा कागद स्विचशेजारी चिकटवला आहे, कारण ट्रेलर माझा भाऊही नेतो.

आता फक्त कंट्रोलरचे ११ उरलेत, दिवसाला पाव अँपिअर-अवर. बॅटरी पूर्ण चार्ज करून दहा दिवस शेडमध्ये ठेवली. पहिल्या दिवशी १२.७२, काल संध्याकाळी १२.६८.

पाऊस ओसरला की गगनबावडा. तोपर्यंत बेडखालच्या उरलेल्या वायरींना नावाच्या पट्ट्या लावायला घेतल्यात. सतरा झाल्या, दोन वायरी कुठं जातात ते अजून कळलेलं नाही.