जुनी ऑटोमॅटिक डिश आणि युटातले आठ दिवस

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा, बायको आणि मी असे चौघं आरव्हीने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, अमेरिकेतल्या युटात आठ दिवस फिरून आलो. आधी ब्राइस कॅन्यन, तिथून हायवे १२ ने कॅपिटल रीफ आणि शेवटी मोआबजवळचं डेड हॉर्स पॉइंट. या जागांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते गाडीच्या छपरावरच्या डिशबद्दल. गाडी आम्ही जुनी घेतली, तिच्याबरोबर बटण दाबलं की आपोआप उठून उपग्रह शोधणारी डिशही आली. बाबा ७८ वर्षांचे आहेत. दिवसभर दऱ्याखोरी बघून झाली की संध्याकाळी त्यांना टीव्हीवर क्रिकेट हवं असतं. आम्ही राहिलो तिथे मोबाइलला धड रेंज नव्हती, म्हणजे सगळी मदार डिशवर.

या डिशने वाटेत तीन वेळा दगा दिला आणि तिन्ही वेळा मूळ डिशमध्ये काहीच बिघाड नव्हता. जुनी डिश रुसली की लोक लगेच नवी घ्यायला निघतात. तसं करायच्या आधी हे वाचा.

ब्राइसच्या नॉर्थ कॅम्पग्राउंडमध्ये पोचलो तेव्हा चार वाजले होते. पाँडेरोसा पाइनची उंच उंच झाडं, सावली सुरेख. डिश उठली, गोल फिरली, जराशी मान वर केली, पुन्हा फिरली. वीस मिनिटं हे चाललं आणि मग ती मुकाट्याने खाली जाऊन बसली. कंट्रोलरवर ‘उपग्रह सापडला नाही’. मी शिडी काढायला निघालो तेव्हा बाबा म्हणाले, “अरे, वर कशाला चढतोस? आधी इथून वर बघ की.” बरोबर होतं त्यांचं. दक्षिणेला अगदी समोर तीन झाडं उभी होती.

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात, त्यामुळे अमेरिकेत कुठेही असा, डिश दक्षिणेकडेच तोंड करणार. आमची डिश ११०, ११९ आणि १२९ अंश पश्चिम रेखांशांवरचे तीन उपग्रह वापरते. युटाच्या या भागातून ११० जवळजवळ नेमका दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४५ अंश वर दिसतो. १२९ मात्र नैर्ऋत्येकडे सरकलेला आणि चार अंशांनी खाली, म्हणून झाडाआड पहिला तोच जातो. ढोबळ हिशेब असा, की झाड डिशपेक्षा जितकं उंच, तितकंच किंवा थोडं जास्त ते डिशपासून लांब हवं. साठ फुटांच्या झाडाला सत्तर फूट धरा. आणि फोनवरचा कंपास वापरणार असाल तर तो खरी उत्तर दिशा दाखवतोय की चुंबकीय, ते सेटिंगमध्ये बघून घ्या. युटात दोन्हींत दहा अंशांच्या आसपास फरक पडतो. अर्ध्या मीटरच्या डिशचा झोत जेमतेम तीन-चार अंशांचा असतो, तेव्हा दहा अंश म्हणजे फार झाले. आम्ही गाडी तीस-चाळीस फूट पुढे घेऊन दोन झाडांमधल्या फटीसमोर लावली. सहा मिनिटांत चित्र आलं, सगळे चॅनल दिसले.

गाडी तिरकी उभी असेल तरी हाच घोळ होतो. डिश ठरावीक उंचीच्या पट्ट्यात शोधते, गाडी एका बाजूला कलली की तो पट्टाच कलतो. म्हणून आधी गाडी लेव्हल करा, मग बटण दाबा. जॅक नंतर लावले तर डिशला पुन्हा शोधायला लावावं लागतं.

तिसऱ्या दिवशी हायवे १२. एस्कलांटे ते बोल्डरच्या मध्ये हॉगबॅक नावाची एक धार आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ खोल उतार. आई डोळे मिटून बसली होती. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता ९,६०० फुटांपर्यंत चढतो आणि मग उतरत उतरत कॅपिटल रीफला येतो. त्या दिवशी गाडीने भरपूर हादरे खाल्ले. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध आहे.

तिथल्या फ्रूटा कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नाही, जनरेटर लावायच्या वेळा ठरलेल्या. संध्याकाळी डिशने उपग्रह शोधला, पण निम्मे चॅनल येईनात. आजूबाजूला कॉटनवुडची झाडं, वर तांबडे कडे. मी सगळा दोष त्यांना दिला आणि झोपलो. रात्री थंडी मजबूत, हीटरचा पंखा पहाटेपर्यंत चालू. सकाळी निघताना डिश खाली घ्यायचं बटण दाबलं तर ती अर्ध्यावर येऊन थांबली. मोटरचा आवाज आला, घुरघुरला, बंद पडला. कंट्रोलरवर ‘मोटर एरर’.

मोटर गेली, असं त्या क्षणी कुणालाही वाटेल. पण मी मल्टिमीटर घेऊन आधी बॅटरी बघितली. नुसती असताना १२.० व्होल्ट, बटण दाबलं की ११.३. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या वर असते, १२.१ ला ती निम्मी रिकामी झालेली असते. डिशपर्यंत पोचताना तारेत आणखी थोडे व्होल्ट पडतात, मोटर हळू फिरते, ठरलेल्या वेळात ठरलेल्या जागी पोचत नाही आणि कंट्रोलर तिलाच दोषी ठरवतो. इंजिन चालू केलं. अल्टरनेटरने बॅटरी साडेतेराच्या वर नेली, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा बटण दाबलं. डिश आरामात खाली आली.

समजा इंजिनावरही ती आली नसती, तर? बहुतेक डिशना हाताने खाली घ्यायची सोय असते. कुठे षटकोनी किल्ली लावायचा बोल्ट, कुठे झाकणाखाली हँडल. तुमच्या डिशला काय आहे ते घरी असतानाच शोधा आणि एकदा करून बघा. किल्ली डिशपाशी नको, गाडीत ठेवा. छपरावर जायचंच असेल तर दंव वाळू द्या. रबरी छप्पर ओलं असलं की साबणासारखं घसरतं. आणि कंट्रोलरचा पुरवठा आधी बंद करा, कारण हात आत असताना मोटर अचानक फिरली तर बोटांची खैर नाही.

डेड हॉर्स पॉइंटला मात्र सबब उरली नाही. उघडं पठार, ठेंगणी जुनिपरची झुडपं, चारी बाजूंना आकाश, आणि जागेवर वीज. तरीही निम्मे चॅनल गायब.

इथे शांत बसून विचार केला. झाड किंवा कडा मध्ये आला तर तो अख्खा उपग्रह झाकतो, त्याच उपग्रहावरचे निवडक चॅनल झाकत नाही. रिसिव्हरच्या (टीव्हीला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या) सिग्नलच्या पानावर एकेक ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरून काही चॅनल एकत्र पाठवणारं एकेक यंत्र, बघत गेलो. १, ३, ५, ७ असे सगळे विषम आकडे व्यवस्थित, आणि सम आकडे सगळे शून्य. तिन्ही उपग्रहांवर तसंच. ही खूण ओळखता आली तर तुमचा अख्खा दिवस वाचेल. एलएनबी म्हणजे डिशच्या तोंडासमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग. जुन्या पद्धतीच्या एलएनबीला रिसिव्हर सिग्नलच्याच केबलमधून वीज पाठवतो. १३ व्होल्ट पाठवले की एलएनबी विषम ट्रान्सपाँडर देतो, १८ पाठवले की सम. मध्ये कुठेतरी व्होल्ट गळले आणि १८ चे १५ च्या खाली आले, की एलएनबीला वाटतं १३ च मागितलेत. म्हणून निम्मं जग दिसतं आणि निम्मं दिसत नाही. (नव्या प्रकारचे एलएनबी विषम आणि सम दोन्ही एकाच वेळी पाठवतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही.)

मग केबल मोजली. केबल नुसती सोडवून टोकाशी मोजली तर १८.२ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. इथेच फसायला होतं. ओढ नसताना, म्हणजे तारेतून वीज वाहत नसताना, गंजलेली तारही पूर्ण व्होल्ट दाखवते. छपरावरच्या टोकाला एक टी-जोड लावला, एलएनबी जोडलेलाच ठेवला आणि मोकळ्या तोंडाशी मोजलं. १४.३. सापडला चोर. मोजायचं ते नेहमी भार चालू ठेवून.

रबरी टोपी मागे सारली तर केबलच्या टोकाच्या एफ-कनेक्टरच्या आत हिरवट पांढरी पूड, आणि मधल्या तारेवरचा तांब्याचा मुलामा उडून खाली तपकिरी गंज. खिशातलं छोटं चुंबक लावून बघितलं, तार चिकटली. म्हणजे आत पोलाद, वर तांब्याचा पातळ थर. अशी आरजी-६ केबल (टीव्हीची नेहमीची) घरात वर्षानुवर्षं चालते, पण छपरावर पाणी शिरलं की पोलाद गंजतं आणि रोध वाढत जातो. हायवे १२ च्या हादऱ्यांनी उरलासुरला संपर्कही ढिला केला असणार. माझ्याकडे पंधरा फूट शुद्ध तांब्याच्या गाभ्याची आरजी-६ होती. छपरावरचा तुकडा पूर्ण बदलला, दोन्ही टोकांना कॉम्प्रेशन कनेक्टर दाबले, आत पाणी अडवायला चिमूटभर डायइलेक्ट्रिक ग्रीस, वर टोपी, आणि छपरात शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा एक झोल, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. जिथे छपराचं सीलंट उचकटलं तिथे नवं भरलं. पुन्हा मोजलं, १७.६. सम ट्रान्सपाँडर एकामागोमाग उजळले.

कनेक्टर उघडायच्या आधी रिसिव्हरचा प्लग काढा. मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर रिसिव्हरचा वीजपुरवठा जळू शकतो, आणि मग जे खरोखर चांगलं होतं तेच बिघडतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिक उन्हाने तडकतं, आत पाणी जातं, गांधीलमाश्या घर करतात, ते बघून घ्या. डिश गोल फिरताना बुडाशी केबलला पीळ बसतो, तिथे बोटाने चाचपून बघा. एका एलएनबीच्या डिशवर दोन टीव्ही दोन वेगळ्या उपग्रहांचे चॅनल मागू शकत नाहीत, कारण उपग्रह बदलताना डिशला नऊ-दहा अंश वळावं लागतं. सॉफ्टवेअर जुनं असेल तर डिश योग्य उपग्रहावर पोचूनही त्याला ओळखत नाही, कारण ओळखीच्या खुणा बदललेल्या असतात. शक्य असेल तर निघायच्या आधी अपडेट करा. आमच्या कंट्रोलरवर तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दिसते, कारण ती तो जीपीएसवरून घेतो. जीपीएसचा आठवड्यांचा मोजक दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, तसा तो ६ एप्रिल २०१९ ला आला. उपग्रह आकाशात जागच्या जागी असतात, त्यामुळे चुकलेल्या तारखेने शोध अडत नाही. मी ती तशीच सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला चित्र फुटायला लागलं आणि गेलं. बायको म्हणाली, “पुन्हा केबल?” मी बाहेर आलो. आकाश निळंशार, वारा नाही. छपरावरच्या डिशकडे बघितलं तर ऊन थेट तिच्यावर पडलेलं. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आला होता आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडाला होता. या अक्षांशावर मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काही दिवस रोज काही मिनिटं असं होतं. अशा वेळी कशालाही हात लावू नका. आम्ही चहा टाकला. तो होईपर्यंत चित्र परत आलं होतं.

शेवटच्या सकाळी बटण मी दाबलं, पण कंट्रोलरवरच्या ‘स्टोड’ (मिटून बसली) या शब्दावर विसंबलो नाही. बाबा पन्नास पावलं मागे जाऊन उभे राहिले, छपराकडे नीट बघितलं आणि हात वर केला. “बसली रे पूर्ण. काढ गाडी.”