रेमंड कार्व्हर आणि कापलेला शेवटचा पॅरा

बातमी खालून कापायची, ही आमच्या डेस्कवरची शिस्त. रात्री साडेनऊला एखादी जाहिरात यायची, पान लावणारा ऑपरेटर आतून ओरडायचा, "ताई, आठ ओळी जास्त होतायत," आणि मी शेवटच्या आठ ओळी उडवायचे. बहुतेक वेळा न वाचता. मराठी दैनिकात २७ वर्षं हेच केलं. तेव्हा गॉर्डन लिश या माणसावर चिडायचा मला फारसा अधिकार नाही. पण चिडते.

हा लिश म्हणजे रेमंड कार्व्हरचा संपादक. कार्व्हरबद्दल मी एवढंच ऐकून होते की कमीत कमी शब्दांत लिहिणारा अमेरिकन कथाकार, मिनिमलिस्ट. (हे बिरुद त्याला स्वतःला मुळीच आवडत नसे.) मी निवृत्त झाल्यावर भाचीने दोन पुस्तकं आणून दिली आणि म्हणाली, "मावशी, दोन्हींत एकच गोष्ट आहे. वाच आणि कुठली आवडली ते सांग."

गोष्ट अशी. स्कॉटी नावाच्या मुलाच्या आठव्या वाढदिवसासाठी त्याची आई बेकरीत केक सांगून येते. वाढदिवसाच्याच सकाळी शाळेत जाताना मुलाला गाडीची धडक बसते. मुलगा दवाखान्यात, शुद्ध नाही. केक न्यायला कोणी जात नाही, आणि चिडलेला बेकर घरी फोन करत राहतो. नाव सांगत नाही, केकचंही नीट बोलत नाही. १९८१च्या पुस्तकात आई अंघोळीला म्हणून घरी येते, फोन वाजतो, ती विचारते स्कॉटीबद्दल आहे का, आवाज म्हणतो हो, त्याच्याबद्दलच. गोष्ट संपली. मुलगा जगला की गेला, कळत नाही. १९८३च्या पुस्तकात मुलगा जातो. फोन कोणाचा ते आईला उमगतं आणि नवराबायको मध्यरात्री त्या बेकरीवर जाऊन थडकतात.

"छोटी," मी लगेच सांगून टाकलं. "काय हात आहे! लांब गोष्टीत बेकर फार बोलतो. नंतर पाणी घालून वाढवलेली दिसतेय."

"उलटं आहे, मावशी. लांब ती आधीची."

लिशने त्या गोष्टीतला ७८ टक्के मजकूर काढून टाकला होता. शंभर ओळींतल्या बावीस शिल्लक. बाकीच्या गोष्टींचीही तीच गत. अख्खं पुस्तक निम्म्याहून खाली आलं. ज्या तुटक वाक्यांसाठी आणि अधांतरी शेवटांसाठी जग कार्व्हरला मानत होतं, त्यांतली कितीतरी लिशच्या टेबलावर तयार झालेली. लिशची कागदपत्रं इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात आहेत. त्यांच्यावरचा लेख १९९८मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात आला तेव्हा कुठे हे सगळ्यांना कळलं. कार्व्हर जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

पण थोडक्यात लिहिणं हे काही लिशनेच त्याला शिकवलं, असंही नाही. त्याचं आयुष्यच तसं होतं. जन्म १९३८चा, ऑरेगनमधल्या क्लॅट्स्कनायचा. वाढला वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमात. वडील सॉ मिलमध्ये करवतींना धार लावायचे, आणि प्यायचे. एकोणिसाव्या वर्षी लग्न, मेरीअ‍ॅन सोळाची. विसाव्या वर्षी हा दोन मुलांचा बाप. रात्री दवाखान्यात झाडू मारायचा, ती हॉटेलात टेबलं सांभाळायची. १९६७मध्ये दिवाळं निघालं, त्याच वर्षी वडील गेले. एका बैठकीत संपेल, फार तर दोन, असंच लिहायला घ्यायचं हे त्याने ठरवलं ते शैली म्हणून नव्हे. कादंबरीला लागतो तसा सलग वेळ त्याच्या घरात नव्हताच.

त्याने एका लेखात आयोवा सिटीतल्या लाँड्रीचा प्रसंग सांगितलाय. तो मी तीनदा वाचला. साठच्या दशकाच्या मध्यावरची एक शनिवार दुपार. बायको कामावर, मुलं कुणाच्या तरी वाढदिवसाला, आणि हा पाच-सहा खेपांचे ओले कपडे घेऊन ड्रायर रिकामा व्हायची वाट बघतोय. मुलांना आणायची वेळ टळत चाललेली. एक ड्रायर थांबतो. हा पुढे सरकतो, तेवढ्यात एक बाई येते, दार उघडते, कपडे चाचपते, पुरेसे सुकले नाहीत असं ठरवते आणि यंत्रात आणखी दोन नाणी टाकते. बस्स. एवढ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहतं. आपण ज्या लेखकांना मानतो त्यांचे शनिवार असे जात नसणार, आणि आपले मात्र असेच जाणार, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळतं. धुण्याच्या रांगेत आयुष्य समजलेला दुसरा पुरुष लेखक माझ्या वाचनात नाही.

पुढे दारू. त्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. २ जून १९७७ला ती सुटली आणि परत लागली नाही.

हे सगळं लक्षात ठेवून ८ जुलै १९८०चं पत्र वाचायचं. कापलेली प्रत हाती आल्यावर रात्र जागून त्याने लिशला लांबलचक पत्र लिहिलं. पुस्तक थांबवा, म्हणून अक्षरशः विनवण्या. त्यात तो म्हणतो, हे असं छापून आलं तर मी पुन्हा कधी गोष्ट लिहू शकेन असं वाटत नाही. दारू सुटून जेमतेम तीन वर्षं झालेली; लिहिणं हीच त्याची काठी. लिशने ऐकलं नाही. काही दिवसांत कार्व्हरच नमला. पुस्तक निघालं आणि गाजलं.

आता लिशची बाजूही सांगितली पाहिजे. एस्क्वायरसारख्या मासिकात कार्व्हरला आणलं ते त्यानेच. दोघे पालो आल्टोत पाठ्यपुस्तकांच्या नोकऱ्या करत होते तेव्हापासूनची ओळख. आणि त्याचा हात वाईट नव्हता. मी स्वतःच फसले ना! चांगला कापणारा माणूस वाचकाला ठिगळ दिसू देत नाही.

पण पुढच्या पुस्तकाला कार्व्हरने कात्री लागू दिली नाही. तसं बजावूनच सांगितलं. आणि बेकरची गोष्ट त्यात परत घेतली. मी ती पुन्हा वाचली, या वेळी पेन बाजूला ठेवून. आईबाप भांडायला गेलेत. मुलगा गेल्याचं कळल्यावर बेकर लाटणं खाली ठेवतो, खुर्च्या ओढतो, माफी मागतो. भट्टीतले गरम रोल काढून देतो आणि म्हणतो, खा, अशा वेळी खाणं हीदेखील एक छोटीशी चांगली गोष्ट असते. मग स्वतःचं सांगतो: मूलबाळ नाही, आयुष्य दुसऱ्यांच्या समारंभांचे केक करण्यात गेलं. शेवटी काळसर, जड पाव मोडून देतो. उजाडायला येतं तरी ते तिघे तिथेच बसलेले, कुणाच्या मनात उठायचं येत नाही. हाच बेकर मला "फार बोलतो" असं वाटलं होतं.

कार्व्हर २ ऑगस्ट १९८८ला फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, वय ५०. मूळ, न कापलेल्या गोष्टी २००९मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यासाठी धडपडली ती त्याची दुसरी बायको, कवयित्री टेस गॅलाघर.

भाचीचा फोन आला. "मग? आता कुठली?"

मी तिला तालुक्याच्या वार्ताहराचं सांगितलं. शेततळ्यात दोन सख्खे भाऊ बुडाल्याची बातमी त्याने पाठवली होती, चाळीसेक ओळींची. मी नऊ ठेवल्या. नावं, वय, गाव, पोलिसांत नोंद. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. आवाज चढलेला नव्हता.

"ताई, नावं बरोबर लागली, बरं झालं. पण पोरांच्या चपला मांडीवर घेऊन बसलेले ते आजोबा तेवढे ठेवायला पाहिजे होते."

मी विचारलं, "कुठले आजोबा?"