सरांचा आयपॉड लिनक्सवर

संस्थेतली सगळी मशीन्स लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर नेली तेव्हा कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा फॉन्ट बिघडला, ते नेहमीचंच, आठवडाभरात निस्तरलं. गाणं शिकवणाऱ्या सरांचा आयपॉड मात्र डोक्यातून जात नाहीये.

सर पूर्ण अंध आहेत. आयपॉड व्हिडिओ, ॲपलच्या या म्युझिक प्लेअरची २००५ मध्ये आलेली पाचवी पिढी, ३० जीबीवाला. चाक फिरवताना जो टिक आवाज येतो तो मोजत ते मेनूतून जातात, अमुक इतके टिक, मग मधलं बटण, मग परत टिक, आणि बरोब्बर हव्या त्या रेकॉर्डिंगवर थांबतात. आत विकत घेतलेल्या सीड्यांवरची गाणी आहेत आणि त्यांनी स्वतः विद्यार्थ्यांसाठी गाऊन ठेवलेले धडे आहेत. आतापर्यंत नवीन धडा आत घालायचा म्हणजे जुन्या मॅकवर (ॲपलच्या कंप्युटरवर) कुणाला तरी बसवावं लागायचं. सरांचं म्हणणं एवढंच, आता मशीन बदललंच आहे तर मला माझं मला करता आलं पाहिजे. लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते सफाईने वापरतात, फाइल कॉपी-पेस्ट करायला त्यांना कुणीच लागत नाही.

आमच्यातल्या एकाने लगेच सल्ला दिला, "सरांना फोन घेऊन द्या ना." हा सल्ला मला मनापासून आवडत नाही. गुळगुळीत काचेवर टिक मोजता येत नाहीत, आणि ज्याला गरज आहे त्याने काय मागितलंय ते आधी ऐकावं.

तर आयपॉड जोडला. डिस्क म्हणून दिसला, फोल्डर उघडले, पण लिहायला बंदी. डीमेसगमध्ये, म्हणजे लिनक्सच्या संदेशांच्या नोंदीत, कारण स्पष्ट होतं: मॅकवर फॉरमॅट केलेला असल्याने आत एचएफएस प्लस ही फाइली मांडायची मॅकची पद्धत, त्यावर जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवणं) चालू, आणि अशी डिस्क लिनक्स फक्त वाचायला देतो. जबरदस्तीने लिहिता येतं पण सरांचं आयुष्यभराचं काम ज्या डिस्कवर आहे तिच्यावर मी जबरदस्ती करणार नाही. आधी डीडी या कमांडने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली.

बाहेरच्या माणसाला माहीत नसतं ते असं, की आयपॉडमध्ये गाण्याची फाइल नुसती टाकून काही होत नाही. तो फोल्डर बघतच नाही, तो आयट्यून्स-डीबी नावाच्या एका बायनरी (माणसाला सरळ वाचता न येणाऱ्या) फाइलमधली यादी बघतो. गाणी असतात एफ-००, एफ-०१ अशा फोल्डरांत, आणि त्यांची नावं चार अक्षरांची, कशाचाच अर्थ न लागणारी. "फाइली कॉपी करून घ्या, टॅग असतातच की," असं म्हणणाऱ्यांनी सरांचे धडे बघितलेले नव्हते. एमपीथ्रीच्या पोटात टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती) असतात हे खरं, पण सरांचे धडे वेव्ह फाइली आहेत आणि त्यांच्या आत टॅगच नाहीत. कुठला राग, आलाप की ताना, सगळं फक्त त्या यादीत. यादी सोडून फाइली उचलल्या असत्या तर शेकडो बिननावाचे धडे हातात आले असते आणि एकेक ऐकून ओळखायची वेळ सरांवर आली असती.

इथे लिबजीपॉड ही लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, कामाला आली. कुणीतरी ही बायनरी फाइल बाइट-बाइट उलगडून बघितली आणि ते ज्ञान लायब्ररीत घालून सगळ्यांना फुकट दिलं, या लोकांबद्दल मला फार आदर आहे. तिच्यावर छोटासा सी प्रोग्रॅम लिहिला: यादी उघड, प्रत्येक ट्रॅकचं नाव, अल्बम आणि पत्ता घे, त्या नावाने फाइल बाहेर ठेव. पत्त्यात फोल्डरांच्या मध्ये तिरक्या रेघेऐवजी विसर्गासारखी दोन टिंबं असतात, ही जुन्या मॅकची पद्धत, ती बदलून घ्यावी लागते. प्रोग्रॅम चालवला आणि स्क्रीनवर "यमन – आलाप", "यमन – ताना" अशी नावं सरसर खाली जायला लागली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

पुढचा प्रश्न खरा अवघड. रिदमबॉक्स या लिनक्सवरच्या म्युझिक सॉफ्टवेअरने आयपॉड भरता येतो, सरांचा मेनू जसाच्या तसा राहतो, पण दर वेळी ते सॉफ्टवेअर उघडा, त्याच्या खिडक्यांतून जा. दुसरी वाट रॉकबॉक्स. हे प्लेअरवर चालणारं मुक्त फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, फोल्डर टाकला की गाणं वाजतं, आणि मुख्य म्हणजे मेनू बोलतो. पण ते एचएफएस प्लसवर चालत नाही, विंडोजवाल्या आयपॉडची फॅट-३२ ही मांडणी लागते. म्हणजे फर्मवेअरच्या पार्टिशनची (डिस्कच्या त्या भागाची) वेगळी प्रत काढा, विंडोजवाल्या आयपॉडचं पार्टिशन टेबल पहिल्या सेक्टरवर लिहा, फर्मवेअर परत जागेवर ठेवा (मॅकवाल्यात ते दुसऱ्या पार्टिशनवर असतं, विंडोजवाल्यात पहिल्या), मग फॅट-३२, मग रॉकबॉक्स चालू करून देणारा बूटलोडर. डीडीत ड्राइव्हचं नाव एका अक्षराने चुकलं तर दुसरीच डिस्क साफ, म्हणून एंटर दाबायच्या आधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कांची यादी) परत बघायचं, कितीही अनुभव असला तरी.

सरांना विचारून हीच वाट धरली. रॉकबॉक्स युटिलिटीने ई-स्पीक एनजी या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी आवाजात प्रत्येक फोल्डरची आणि फाइलची टॉक क्लिप, म्हणजे तिचं नाव बोलणारं छोटं रेकॉर्डिंग, बनवली. आवाज यांत्रिक आहे, "भैरव" नीट म्हणतो, काही नावं ओढून म्हणतो, पण कळतं. त्या संध्याकाळी सरांनी ऑर्का चालू करून स्वतः नवा धडा आयपॉडवर पेस्ट केला, नीट अनमाउंट केलं, केबल काढली आणि वाजवला. शेजारी मी होतो, पण हात लावला नाही.

आणि तरीही. रॉकबॉक्समध्ये बटणांची कामं वेगळी आहेत, मागे जायचं म्हणजे मेनूचं बटण नाही, डावीकडचं. सरांची बोटं चुकायला लागली, आणि जो माणूस कधी अडखळत नव्हता तो अडखळताना बघून मला बरं वाटलं नाही. जुनं फर्मवेअर आणि जुनी यादी मी फॉरमॅटनंतर परत जागेवर ठेवली होती, चालू करताना होल्डचं बटण सरकवलं की तेच जुनं उघडतं. आता सर जुने धडे जुन्या बाजूने टिक मोजत लावतात आणि नवे धडे रॉकबॉक्समधून. नवे धडे जुन्या यादीत दिसत नाहीत. मी म्हटलं, "सर, नवे धडे जुन्या यादीतही चढवणारी स्क्रिप्ट लिहून देतो, तुम्ही फक्त ती चालवायची." ते म्हणाले, "थांब रे. आधी हे बोटांत बसू दे, मग सांगतो."

स्क्रिप्ट मी लिहून ठेवली आहे. त्यांच्या मशीनवर अजून टाकलेली नाही.