ओमानच्या किनाऱ्यावर तीन कार्ब्युरेटरचं ट्युनिंग

ओमानमध्ये दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमई पकडायला बंदी असते. बंदी उठायच्या आधीच्या दिवसांत आमच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मस्कतपासून सोहारकडे जाणारा हा बातिना किनारा. इथे धक्के थोडे आणि वाळू फार. फायबरच्या होड्या पिकअपला दोर बांधून वाळूवर ओढून ठेवतात, आणि प्रत्येकीच्या मागच्या फळीवर एक किंवा दोन आउटबोर्ड इंजिनं टांगलेली असतात. ७५ हॉर्सपॉवरची तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक यामाहा अजून पुष्कळ दिसते. तिला कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून सिलिंडरला देणारे भाग, तीन, एकाखाली एक.

होडीवाला आला की त्याचं म्हणणं ठरलेलं असतं: इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता, थरथरतं, गियर टाकला की दणका बसतो, कार्ब्युरेटर ‘सेट’ करून द्या. गेल्या पावसाळ्यात माजलगावहून माझ्या भाच्याचा फोन आला, त्याचंही तेच. त्याच्या गॅरेजात पुराच्या बोटीचं जुनं तीन सिलिंडरचं इंजिन आलं होतं. “मामा, लई थरथरायलंय. तिन्ही कार्ब्युरेटर एकसारखे कसे करायचे, सांगा.” मी म्हटलं, पेचकस खाली ठेव आणि आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघ.

हे त्याला टाळायला म्हटलं नव्हतं. सिंक करायला, म्हणजे सगळे कार्ब्युरेटर एकदम आणि सारखे उघडतील असे जुळवायला, म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक इंजिनांचा आजार सिंकचा नसतोच. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर पाहायचं. तिन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी ओढलेली. तिघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर कार्ब्युरेटर कितीही जुळवले तरी इंजिन एकसारखं चालणार नाही. कॉम्प्रेशन ठीक असेल तर तिन्ही प्लगवर ठिणगी पाहायची. तीही ठीक असेल तर कार्ब्युरेटर उतरवून पूर्ण खोलायचे. इथल्या उन्हात होडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या तळाच्या, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे राळेसारखा चिकटा राहतो आणि स्लोवर पेट्रोल देणारा पायलट जेट बंद होतो. त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. ते तारेने कोरू नये, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेच्या दाबानेच साफ करावं. मग गॅस्केट नवी टाकायची, कारण जुन्या गॅस्केटमधून हवा ओढली गेली तर बाकी सगळी मेहनत वाया. एवढं झाल्यावर सिंकचा विचार.

टू-स्ट्रोकमध्ये ही जुळणी इतकी महत्त्वाची का, हे गावाकडच्या मेकॅनिकांनी नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरखालचा क्रँककेसचा कप्पा वेगळा, बंद असतो. वरचा कार्ब्युरेटर वरच्याच सिलिंडरला देतो, खालचा खालच्याच. एक कमी पडला तर शेजारचा त्याची भरपाई करू शकत नाही. आपल्याकडची तिफण आठवा. चाड्यातून तीन नळ्यांत बी पडतं. एक नळी मातीने तुंबली तरी बैल चालतात, तिफण चालते, पेरणाऱ्याच्या हाताला काही कळत नाही. आठ दिवसांनी उगवण झाली की दर तिसरी ओळ मोकळी दिसते. इंजिनात मात्र आठ दिवस मिळत नाहीत. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल हेच त्या सिलिंडरचं वंगण. ज्याला पेट्रोल कमी, त्याला तेलही कमी, आणि पातळ मिश्रणामुळे तापमान वर. ऐन वेगात, सगळा भार असताना तोच पिस्टन चिकटतो. किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटर आत असताना हे झालं तर काय, याचा विचार करून मी प्रत्येक होडीवर हात ठेवतो.

आता प्रत्यक्ष काम. ते इंजिन बंद ठेवूनच होतं. समोरचं एअर बॉक्सचं झाकण काढलं की तिन्ही कार्ब्युरेटरचे गळे आणि त्यांतल्या बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चकत्या, दिसतात. थ्रॉटलचा कॅम आणि रोलर यांचा संबंध सोडवायचा, म्हणजे कॅम बटरफ्लायना उचलून धरणार नाही. स्लोचा स्क्रू मागे घ्यायचा. मग एक कार्ब्युरेटर मूळ धरून बाकी दोघांच्या लिव्हरचे स्क्रू सैल करायचे. काही मॉडेलवर हे स्क्रू उलट्या आट्यांचे असतात, म्हणून जोर लावण्याआधी पुस्तक उघडा. स्क्रू सैल झाला की प्रत्येक बटरफ्लाय आपापल्या स्प्रिंगने पूर्ण मिटते. लिंकचा ढिलेपणा बोटाने हलकेच एका बाजूला घेऊन त्याच अवस्थेत स्क्रू आवळायचे.

आवळल्यावर खरी परीक्षा. थ्रॉटल केसभर उघडायचा आणि तिन्ही गळ्यांत टॉर्च मारून बघायचं. तिन्ही एकाच क्षणी हलायला हव्यात. डोळ्यावर भरवसा नसेल तर बोटाचं टोक बटरफ्लायच्या कडेला टेकवून ठेवा. बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. आवळताना लिव्हर किंचित फिरतो, त्यामुळे पहिल्या वेळी जमलं असं वाटलं तरी पुन्हा एकदा बघावं. मी नेहमी बघतो. हा अर्धा तास मला सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहे. त्यात आवाज नाही, घाई नाही, आणि केलेलं बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळतं.

नंतर कॅम आणि रोलर जोडायचे. रोलर कॅमला नेमका खुणेवर टेकला पाहिजे आणि तिथूनच बटरफ्लाय उघडू लागल्या पाहिजेत. इग्निशनचं टायमिंग थ्रॉटलसोबत पुढे सरकतं, म्हणून ही खूण चुकली तर हवा आणि ठिणगी यांची सांगड बिघडते. थ्रॉटल पूर्ण दिल्यावर तिन्ही बटरफ्लाय अगदी आडव्या हव्यात, त्यापलीकडे गेलेल्या नकोत. शेवटी इंजिन पाण्यात उतरवून, गरम करून, गियरमध्ये टाकून स्लो सेट करायचा. आकडा मॉडेलच्या पुस्तकात असतो, कानावर घेऊ नये. पाण्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाहीच. थंड पाणी ओढणारा रबरी इम्पेलर कोरडा फिरला तर काही सेकंदांत खराब होतो.

चार कार्ब्युरेटरच्या फोर-स्ट्रोकची रीत वेगळी. तिथे इंजिन चालू ठेवून काम करतात. इनटेकवरचे चार छोटे बूच काढून व्हॅक्यूम गेजच्या (हवेची ओढ मोजणाऱ्या काट्यांच्या) नळ्या लावतात आणि चारही काटे एकाच आकड्यावर येईपर्यंत सिंकचे स्क्रू फिरवतात. एका कार्ब्युरेटरला स्क्रू नसतो, बाकीच्यांनी त्याच्याशी जुळायचं. एक स्क्रू फिरवला की शेजारचा काटाही हलतो, म्हणून धीर लागतो. मधून एकदा रेस देऊन सोडायचं आणि काटे परत त्याच जागी येतात का ते बघायचं. काटे जुळवायला पायलट स्क्रू पिळणारे लोक मी पाहिलेत. तो स्क्रू मिश्रणाचा आहे, हवा वाटून देण्याचा नाही. त्याने काटे जुळल्यासारखे दिसतील, पण एखाद्या सिलिंडरचं मिश्रण बिघडेल.

माझ्या हाताला हे वळण जालन्यात लागलं. आमच्या वस्तादांकडे राजदूत ३५० यायची. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने आपल्याकडे बनवलेली यामाहाची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, दोन कार्ब्युरेटर. एका केबलच्या दोन केबल होऊन दोन्ही स्लाइड, म्हणजे तिथे बटरफ्लायचं काम करणारे वर सरकणारे पडदे, उचलल्या जात. वस्ताद एअर फिल्टर काढून दोन्ही कार्ब्युरेटरांत एकेक बोट घालायचे आणि थ्रॉटल हळूहळू वळवायला सांगायचे. “दोन्हीकडं एकदमच उचललं पाहिजे, एक आधी एक मागं चालत नाही,” हे वाक्य मी इथे हिंदीत, मोडक्या अरबीत, केरळच्या सहकाऱ्यांना, होडीवाल्यांना, सगळ्यांना सांगतो. मराठवाड्यात ज्यांनी ती गाडी जुळवली आहे, त्या कोणालाही आउटबोर्डचं हे काम अवघड जाणार नाही. समुद्र पाहिला नसला तरी चालेल.

आणि हे काम आता आपल्याकडे लागणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, जालना, परभणी, नांदेड सगळीकडे पाणी शिरलं. भूम-परंड्याकडे लोक घरांच्या छपरांवर बसलेले आपण पाहिले. सिंदफणा, मांजरा, तेरणा, गोदावरी, कुठेही पूर आला की रबरी बोट आणि तिच्या मागचं इंजिन हाच आधार. पण हे इंजिन वर्षातून मोजके दिवस चालतं आणि बाकी वर्षभर गोदामात उभं असतं. मासेमारीच्या इंजिनापेक्षा त्याचे कार्ब्युरेटर लवकर तुंबतात, ते यामुळेच. त्यात आता आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा जास्त झाला की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि त्या थरात टू-स्ट्रोकचं तेल नसतं. इंजिन पहिला घोट त्याच थरातून घेतं.

भाच्याच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तिन्हीकडे चांगलं निघालं. मधल्या कार्ब्युरेटरचा पायलट जेट पूर्ण बुजलेला होता. कोणीतरी त्याची कसर भरून काढायला मधल्या लिव्हरचा स्क्रू सैल करून बटरफ्लाय थोडी उघडी ठेवली होती. म्हणजे जेट साफ केल्यावर सिंकही करावंच लागलं. व्हिडिओ कॉलवर त्याने बोट टेकवून दाखवलं, मी बघत राहिलो. तिथे बीडच्या बाजूला रात्रीचे साडेदहा, इथे नऊ. तिसऱ्या वेळी तिन्ही एकदम हलल्या.

त्याला जे शेवटी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. तुमच्या तालुक्यात, नगरपालिकेत, अग्निशमन केंद्रात असं इंजिन असेल तर पावसाळा संपल्यावर पेट्रोलची नळी काढून, इंजिनाला पाणी लावून, ते आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालवा. मग तिन्ही वाट्यांच्या तळाचे ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढा. प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून फ्लायव्हील हाताने दोनदा फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल पुढच्या वर्षी वापरू नका. आणि मेच्या शेवटी, पहिला पाऊस पडण्याआधी, एकदा पाण्याने भरलेल्या पिंपात उभं करून सुरू करून बघा.