असलं काय वाचतेस?

“रात्री झोप लागते का हो असलं वाचून?” हा झाला सौम्य प्रकार. मावशी सरळच विचारते, “बाबा गेले, आणि तू ते प्रेतांचं पुस्तक कसलं घेऊन बसतेस?” पुस्तक म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लेखकाच्या, एडगर ॲलन पोच्या कथांचा संग्रह. इतक्या जणांनी विचारलंत, तर एकदाच सांगून टाकते.

पोच्या गोष्टींत भुतं फारशी नसतातच, हे सांगून मी दमले. जर्मन धाटणीचं भयंकर काहीतरी लिहितो, असा ठपका त्याच्यावर त्याच्या काळातही होता. १८४० च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने उत्तर दिलं, की ही भीती जर्मनीची नाही, आत्म्याची आहे. १८४३ च्या ‘द टेल-टेल हार्ट’मधला माणूस म्हाताऱ्याचा खून करतो आणि आपल्याला पटवत राहतो की बघा, मी किती शांतपणे सांगतोय, मी वेडा कसा असेन? हा सूर माझ्या ओळखीचा आहे.

ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत, तिला लागलेली अतिधोकादायकची नोटीस, कोण हललं आणि कोण नाही, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. काचेचं ठाऊक नाही.

स्वयंपाकघरात बीमखाली भेग होती. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत जन्म काढलेल्या बाबांना मोजमापाचं वेड. त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की. भेग वाढली तर काच तडकणार. कोपऱ्यात मार्करने तारीख घातली. शेजारीपाजारी येऊन बघून जायचे आणि काच शाबूत म्हणून निर्धास्त व्हायचे. मीसुद्धा.

मग एका पावसाळ्यात सुका कचरा वेगळा काढताना वर्तमानपत्राची पुडी हाताला लागली. आत काचेचे दोन तुकडे, एकावर बाबांच्या अक्षरात ती तारीख. मी वर बघितलं. भिंतीवर नवीकोरी पट्टी होती, आणि तिच्यावरही तीच जुनी तारीख.

“बाबा, हे काय?”

“अगं, ती काच पातळ होती. उन्हाने पण जाते काच. घाबरण्यासारखं काही नाही.” चहा गाळत होते. थेंब सांडला नाही.

त्या रात्री मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. आठवड्याच्या आत आम्ही घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात होतो. तिथे शिरल्याशिरल्या त्यांनी भिंतींवर टकटक करून बघितलं आणि म्हणाले, “इथल्या भेगा जिप्समखाली आहेत.” वर्षभरात ते गेले. इमारत पुढे पाडली. पडली नाही, पाडली. मावशी दर वेळी ऐकवते, “पडली थोडीच असती? उगाच हलवलंस त्यांना.”

पुन्हा हलवीन. पण त्यांचं चुकलंच होतं, असंही माझ्याकडून म्हणवून घेऊ नका.

‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ १८३९ ची. पाहुणा येतो तेव्हाच त्याला छतापासून खालच्या तळ्यापर्यंत नागमोडी उतरणारी बारीक भेग दिसते. शेवटी घर तिथेच दुभंगतं. कॉलेजात वाचली तेव्हा मी म्हटलं होतं, किती ढोबळ युक्ती! त्या शहाण्या मुलीला सांगावंसं वाटतं, भेगेचं सोड गं, एवढी भेग दिसूनही तो यजमानाशी तिच्याबद्दल चकार शब्द का काढत नाही, ते बघ. ती म्हणेल, त्याने बोलून काय झालं असतं? तू बोललीस, काय झालं? तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

वाचून मन हलकं होतं, असंही नाही. दुसरी काच बाबांनी आमच्यासाठी लावली, शेजाऱ्यांसाठी की स्वतःसाठी, हे कोणत्याच कथेत लिहिलेलं नाही. पोचा खुनी निदान शेवटी ओरडून कबूल तरी होतो. बाबा झाले नाहीत. आणि मावशी, “पडली थोडीच असती” हे तू म्हणतेस ना, ते अगदी त्यांच्याच सुरात म्हणतेस.