पाण्याच्या नळाजवळचा फळा

आपल्या शाळेत दोन फळे सगळ्यांच्या वाचनात असत. एक मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा सुविचाराचा. दुसरा पाण्याच्या नळांशेजारी, जेमतेम तीन फूट बाय दोन फुटांचा, वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने 'आजची गंमत' लिहिलेला. त्याची जागा विचारपूर्वक निवडलेली होती. मधल्या सुट्टीत नळापाशी रांग लागते आणि रांगेतल्या पोराला वाचायला दुसरं काही नसतं. शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहा असा निरोप आला तेव्हा मला या फळ्याबद्दलच लिहावंसं वाटलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणं हे माझं काम आहे, आणि त्या कामाला लागणारं एक महत्त्वाचं शिक्षण या फळ्याने दिलं.

फळ्याचे नियम मोजके होते. आठवडाभर एका वर्गाकडे जबाबदारी. रोज एकच नोंद, तीन ओळींच्या आत. गंमत स्वतः पाहिलेली किंवा स्वतःच्या कानांनी ऐकलेली हवी, कुठूनतरी उचललेला चुटकुला चालणार नाही. कुणाचं नाव, रंग, उंची, जाडी, जात, मार्क, बोलण्यातलं अडखळणं यातलं काहीही येता कामा नये. सगळ्यात कठीण हा शेवटचा नियम, कारण पोरांच्या हसण्यातला मोठा वाटा चिडवण्याचा असतो. तो काढून टाकला की पहिले दोन-तीन दिवस फळा कोराच राहायचा. मग हळूहळू नजर माणसांवरून उठून पाट्यांवर, आवाजांवर, वस्तूंवर, बोलण्याच्या लकबींवर जायची. ही नजर वळणं म्हणजेच त्या फळ्याचं खरं काम.

मराठीच्या बाई लिहिण्याआधी नोंद तपासत. त्यांच्या दुरुस्त्या आजही उपयोगी पडतात. एका नोंदीचं उदाहरण देते. मूळ वाक्य असं : 'काल स्टँडवर गंमत म्हणजे चौकशीची खिडकी बंद होती आणि ती कधी उघडेल ते चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्यावे अशी चिठ्ठी तिथे लावलेली होती, त्यामुळे सर्वांना खूप हसू आले.' फळ्यावर गेलं ते असं : 'स्टँडवर एक खिडकी बंद. काचेवर चिठ्ठी : खिडकी कधी उघडेल ते विचारून घ्यावे. वर पाटी : चौकशी.'

काय बदललं ते बघा. 'गंमत म्हणजे' गेलं, कारण हसायचं आहे अशी आगाऊ सूचना मिळाली की माणूस सावध होतो आणि हसत नाही. 'हसू आले' गेलं, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. मुख्य बदल शब्दांच्या जागेचा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गमतीचा शब्द मध्येच अडकतो आणि मागे 'लावलेली होती'ची शेपटी लोंबत राहते. शेपटी कापून 'चौकशी' हा शब्द अगदी शेवटपर्यंत दडवला की काम झालं. घरी एखादा प्रसंग सांगताना फिका पडत असेल, तर हसवणारा शब्द कुठे येतो ते आधी तपासावं. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आता आजारपणाकडे येते. माणूस सहा-आठ आठवडे अंथरुणावर पडला की भेटायला येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो, 'कसं झालं?' तीच हकिगत दिवसातून पाच वेळा सांगून आजारी माणूस थकतो. त्या घरात नळाजवळचा फळा वहीच्या रूपात नेता येतो. चाळीस पानी साधी वही पुरते. तिला दोरीने पेन्सिल बांधावी, नाहीतर लिहायच्या वेळी हमखास सापडत नाही. पेन आडवं पडून लिहिताना अडतं, पेन्सिल अडत नाही. वेळ ठरलेली असावी. दुपारच्या चहानंतरची चांगली. सकाळ स्पंजिंग, औषधं आणि ड्रेसिंगमध्ये जाते आणि संध्याकाळी मन उतरतं. दिवसाला एक नोंद, तारीख घालून, फार तर तीन ओळी. हाताला जोर नसेल तर आजारी माणसाने सांगायचं आणि घरच्याने लिहायचं, पण शब्द सांगणाऱ्याचेच ठेवायचे, सुधारायचे नाहीत.

शाळेतल्यासारखेच इथेही पहिले तीन-चार दिवस कोरे जातात. 'माझ्या आयुष्यात काय गंमत उरलीय' हे उत्तर ठरलेलं. तेव्हा आग्रह करू नये. 'आज खिडकीतून काय ऐकू आलं?' एवढंच विचारावं. भंगारवाल्याची आरोळी, शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी कुणी मोजायची यावरून स्वयंपाकघरात झालेला वाद, गुळगुळीत झालेल्या चमच्याला अण्णांनी दिलेलं नाव. अशा नोंदींनी वही सुरू होते. रविवारी पाहुणे आले की ती मोठ्याने वाचायची. मग पाहुण्याला विचारायला दुसरं काहीतरी मिळतं आणि आजारी माणूस घरातला सांगणारा होतो.

यात चुकाही होतात, आणि काही अंगाशी येणाऱ्या असतात. पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर हसण्याने टाक्यांवर ताण येतो. छोटी उशी किंवा चौघडी चादर टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट धरायला शिकवावं, खोकताना धरतात तशीच. बरगडी मोडलेल्या माणसाला हसवू नये, प्रत्येक उसळीला कळ येते. हर्निया असेल, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर जोरजोरात हसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. तोंडात घास असताना कुणाला हसवायचं नाही, हा नियम सगळ्या घरासाठी. गिळायला त्रास असलेल्या माणसाचा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवावं, मग वही काढावी. दुखणं फार असेल तर वेदनाशामक गोळीचा असर सुरू झाल्यावर, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने.

पक्षाघातानंतर काही जणांना कारण नसताना हसू फुटतं आणि आवरत नाही, काहींना तसंच रडू येतं. मेंदूतलं भावनेवरचं नियंत्रण बिघडल्याने हे होतं. आत आनंद असतोच असं नाही. त्या वेळी 'बघा, आज कशा खुशीत आहेत' म्हणून आपण हसायला लागलो तर त्यांना फार लाजिरवाणं होतं. शांत बसावं, विषय बदलावा आणि डॉक्टरांना सांगावं. यावर औषध असतं. स्मृतिभ्रंशात आधी कोट्या आणि उपरोध कळेनासे होतात, पण ताल, नकला, लहानपणीची बडबडगीतं बराच काळ साथ देतात. तिथे वहीऐवजी बडबडगीत चालतं. ऐकू कमी येणाऱ्यांशी बोलताना समोर बसून ओठ दिसतील असं बोलावं. सगळे हसले आणि आपल्याला ऐकूच आलं नाही, हे दुःख आजारापेक्षा जास्त टोचतं.

हसण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने नोंदवून ठेवलं आहे की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, आणि त्यातलं बहुतेक हसणं विनोदावर नसतं, साध्यासुध्या बोलण्यावर असतं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत मंडळी एकत्र बसून हसल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली आढळली. म्हणून मी आजाऱ्याच्या हातात मोबाईल देऊन विनोदी क्लिप लावून जाण्यापेक्षा दहा मिनिटं शेजारी बसायला सांगते. आपल्या बागांमध्ये सकाळी हास्यक्लब भरतात. ही पद्धत डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी मुंबईत पाच जणांना घेऊन सुरू केली. श्वासाला आणि ओळखी व्हायला ती चांगली आहे. पण अंथरुणावरच्या माणसासमोर उभं राहून 'हो हो, हा हा' म्हणायला लावणं मला पटत नाही. त्याला आधी त्याचं स्वतःचं काहीतरी सापडू द्यावं.

कधी हसू नये, हेही शिकावं लागतं. रिपोर्ट हातात आल्याचा दिवस हा गप्प बसण्याचा दिवस. आजारावरचा पहिला विनोद आजारी माणसानेच करायचा. त्याने केला की बाकीच्यांना वाट मोकळी होते. त्याने केला नाही तर कुणीच करायचा नाही. महिनाभर केला नाही तरी.

नाशिकच्या माणसाला हे मुळात अवघड जाऊ नये. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की आपण फूट-मीटरमध्ये बोलत नाही, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून माप सांगतो. 'दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं', 'कमरेपर्यंत आलं', 'छातीला आलं' असं म्हणतो. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांत सराफ बाजार, भांडी बाजार भागातले लोक दुकानातला माल वरच्या फळीवर चढवताना हेच माप एकमेकांना ओरडून सांगत होते. संकटाला आपल्याच अंगाच्या उंचीने मोजायचं, म्हणजे ते समोर उभं राहिलेलं, ओळखीचं होतं. पूर ओसरल्यावर चिखल उपसताना जे बोलणं चालतं, तेही असंच कान देऊन ऐकण्यासारखं असतं.

आणि रामकुंड. दहाव्याला पिंड ठेवलेला असतो, कावळे समोरच्या पत्र्यावर रांगेने बसलेले, आणि एकही खाली उतरत नाही. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय आलटून-पालटून टेकवत सगळे उभे. मुलगा हात जोडून म्हणतो, 'आईला सांभाळीन.' कावळा हलत नाही. 'धाकटीचं लग्न नीट करू.' नाही. मग मागून गेलेल्या दादांचा साठ वर्षांपासूनचा मित्र, ज्याच्याबरोबर रोज सकाळी त्यांचा चहा व्हायचा, हळूच म्हणतो, 'अरे, उधारी माझ्याकडे नाही, मी दिली होती.' आई पदर तोंडाला लावते. आधी वाटतं रडतेय, मग तिचे खांदे हलताना दिसतात आणि ती हसतेय हे कळतं. त्या क्षणी कावळा उतरला की नाही याकडे कुणाचं लक्ष नसतं. हे बोलायचा अधिकार त्या मित्राचा, कारण दुःखात त्याचा वाटा आहे. लांबच्या पाहुण्याने हेच वाक्य बोललं असतं तर घर कायमचं दुखावलं असतं. कोरोनातल्या पीपीई किटच्या दिवसांतही हेच दिसलं. चेहरे झाकलेले, म्हणून सिस्टर छातीवर मार्करने आपलं नाव लिहीत. त्या नावापुढे काय चित्र काढावं ते काही वॉर्डांत पेशंट सुचवत, आणि त्या सुचवण्यावर खाटांच्या रांगेत बोलणं सुरू होई.

नव्या इमारतीत नळांची जागा बदलली आहे आणि तो फळा कुठे गेला ते कुणाला सांगता येत नाही. विश्वस्तांना आणि मुलांच्या प्रतिनिधींना एक विनंती. वॉटर कूलरशेजारी, सातवीच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तीन बाय दोनचा फळा पुन्हा लावावा. व्हाइटबोर्ड नको, मार्कर सुकतो आणि मग कुणी लिहीत नाही. खडूचाच असावा. खडू पाण्यात बुडवून लिहिलं तर वाळल्यावर अक्षर ठळक उमटतं आणि सहज पुसलंही जात नाही. वर पत्र्याचा चार इंची छज्जा ठोकावा, आपल्याकडचा पाऊस तिरका येतो.